माझ्या आईचे नाव कुणाला दिले?

"उकिरडी? हे नाव आहे?"

बँकेतल्या त्या टाय लावलेल्या मुलाने हे मोठ्याने विचारले. त्याच्या समोरच्या पडद्यावर माझे खाते उघडे होते आणि खात्यात माझ्या आईचे नाव होते. मी त्याच्या टेबलापुढच्या खुर्चीवर बसलो होतो. माझ्या मागे बाकावर माणसे होती.

मुदत ठेवीचे नूतनीकरण करायला मी मुलुंडच्या त्या शाखेत गेलो होतो. ओळख पटवावी लागेल, असे तो म्हणाला. आईचे नाव विचारले. मी पुढे झुकून, हळू आवाजात सांगितले. त्याला ते ऐकू आले होते. तरी त्याने पडद्यावरून पुन्हा वाचले आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीला हाक मारली.

"ए, इकडे ये ना. हे बघ. मदर्स नेम, उकिरडी. म्हणजे डस्टबिनच ना?"

"गप रे. अंकल बसलेत समोर," ती म्हणाली. पण हसली.

"सॉरी हां अंकल. टायपिंग मिस्टेक असेल तर करेक्ट करून देतो."

"चूक नाही," मी म्हणालो.

बाकावरचे कुणीतरी खाकरले. कुणीतरी मान वळवली. एवढेच. मुलाने कागदांचा गठ्ठा पुढे सरकवला. सह्यांच्या जागी पेन्सिलीने फुल्या केलेल्या होत्या. मी सह्या करीत गेलो. एका पानावर लहान चौकोनात होकाराची खूण आधीच छापलेली होती. ती मला दिसली. तिच्या शेजारचा बारीक मजकूर मी वाचला नाही. मला तेथून उठायचे होते. अपमान झालेला माणूस कागद वाचत नाही.

त्या नावाबद्दल सांगणे भाग आहे.

माझी आई घाटावरच्या एका गावात जन्मली. गावात नव्हे, गावाबाहेरच्या आमच्या वस्तीत. तिच्या आधीची भावंडे पाळण्यातच दगावली होती. म्हणून सुईणीने तिला जन्मल्याबरोबर उकिरड्यावर नेऊन ठेवले आणि तिच्या आजीने टाकलेले पोर म्हणून उचलून घरी आणले. टाकलेल्या पोराकडे मरणाचे लक्ष जात नाही, असा समज होता. नाव ठेवले उकिरडी. तिने जगावे म्हणून ठेवलेले ते नाव होते.

गावाने ते वेगळ्या कामाला लावले. पाटलाच्या ओट्यावरून हाक यायची, "ए उकिरडे, शेण उचल." मला नाव होते, तरी शाळेत मी "उकिरडीचा" होतो. मास्तर हजेरी घेताना माझे नाव घेत आणि उठवताना "ए उकिरडीच्या" म्हणत. पोरे हसत. मी उभा राहत असे.

धम्मदीक्षेनंतर वडिलांनी तिचे नाव सुजाता ठेवले. आम्ही घाटकोपरच्या डोंगरावर राहायला आलो. तेथे ती सुजाताबाई झाली. शिधापत्रिकेवर सुजाता. मतदार यादीत सुजाता. मृत्यूच्या दाखल्यावर सुजाता. जुने नाव आम्ही गावातच सोडून आलो होतो.

मग बँकेत ते कसे पोहोचले? मरोळच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर मी हे खाते उघडले. तेथे एक वयस्कर कारकून होता. तो म्हणाला, "आईचं नाव असं लिहा की बाहेर कुणाला माहीत नसेल. फोनवर त्यावरूनच तुमची ओळख पटवतात." सुजाता हे नाव सर्वांना ठाऊक होते. घरातल्या तिच्या तसबिरीखाली ते लिहिलेले आहे. दारात उभा राहणारा कुणीही ते वाचू शकतो. म्हणून मी जुने नाव लिहिले. या शहरात ते दोनच माणसांना ठाऊक होते. मला आणि कमलला.

कमल माझी पत्नी, त्याच गावची. तिला विस्मरणाचा आजार जडला आहे. सकाळी जेवलेले ती दुपारी विसरते. गाव मात्र तिला दगडादगडासकट आठवते. आम्हांला मूल नाही. ती ठेव तिच्यासाठी आहे. माझ्या पश्चात तिच्याजवळ राहणाऱ्या बाईचा पगार त्यातून निघावा, एवढीच व्यवस्था मला करता आली. ती मोडली तर कमलला कुणी नाही.

त्या सह्यांनंतर काही दिवसांत फोन सुरू झाले. पहिला विम्याचा. "सर, तुमचं डिपॉझिट रिन्यू झालंय ना, त्यातलं थोडं आमच्या प्लॅनमध्ये टाका." मी फोन ठेवला. मग आरोग्य तपासणीवाले. मग ज्येष्ठांच्या वसाहतीत घर विकणारे. "मिसेसची तब्येत कशी असते सर? आमच्याकडे अटेंडंट चोवीस तास." मी विचारले, माझा क्रमांक कुणी दिला? "सिस्टीममध्ये येतो, सर." प्रत्येकाचे उत्तर तेच.

मी घाबरलो. माझ्या वयाच्या माणसाने हे मान्य करू नये, असा रिवाज आहे. मी करतो. पत्नी आजारी आहे, हे यांना कसे कळले, याचा मी बसून विचार केला. तिच्या औषधांचे पैसे याच खात्यातून जातात, हे लक्षात आले. त्यानंतर औषधे रोखीने आणू लागलो. दुकानदार म्हणाला, "काका, कार्ड चालतं की." मी नोटा मोजून दिल्या.

त्या दिवशी मी भाजीला गेलो होतो. बाजारात खिशातून फोन जातात, म्हणून माझा फोन मी घरीच ठेवीत असे. दार लोटून आत आलो तेव्हा कमल खाटेवर बसून हसत होती. किती दिवसांनी हसत होती. तिला कमी ऐकू येते, म्हणून ती फोनचा आवाज मोठा करून समोर धरते. पलीकडचे सगळे मला ऐकू येत होते.

"बाबूचाच का रं तू? धाकला का थोरला?"

"धाकटा, काकू."

"आन आईचं गुडघं?"

"आता बरंय तिला. काकू, तो मेसेज आला ना, त्यातला नंबर वाचा ना जरा. काकांचं पेन्शनचं काम अडलंय."

"थांब हां लेकरा. चष्मा घालू दे."

बाबू माझा चुलतभाऊ. तो वारून बरीच वर्षे झाली. त्याला मूलबाळ नव्हते.

कमलने चष्मा घातला. बोट ठेवून ती आकडे वाचू लागली. चार. एक. पुन्हा चार. मी पिशवी टाकली, तिच्या हातातून फोन ओढला आणि कापला. टोमॅटो जमिनीवर पसरले. ती दचकून भिंतीला सरकली. बायकोच्या हातातून मी कधी काही ओढलेले नाही.

"आवं, आसं काय करताय? आपल्या गावचं पोरगं हाय त्ये!"

"कशावरून?"

"त्यानं इचारलं, उकिरडीबाईंची सून ना तुम्ही? गावचं नसंल तर त्येला आत्याबाईंचं ते नाव कुणी सांगितलं?"

मी खाली बसलो. गावाबाहेर हे नाव कुणाला ठाऊक नाही. जो ते उच्चारतो, तो आपला. या हिशेबात तिची काही चूक नव्हती. माणूस नातलग आहे की नाही, हे आमच्या लोकांनी नेहमी असेच ओळखले. कुणाचा तू, तुझ्या आजीला काय म्हणत, हे विचारून आम्ही परक्याला घरात घेतो. कुणीतरी नेमकी तीच वाट धरून माझ्या घरात शिरला होता.

फोन पुन्हा वाजला. मी घेतला.

"काय रे म्हाताऱ्या, फोन का कापला? बायको बोलत होती ना मस्त."

"कोण आहेस तू?"

"तुझ्या गावचा." तो हसला. "ए उकिरडीच्या, नंबर दे गुमान."

मी फोन बंद केला. साठाहून अधिक वर्षांनी ती हाक मला मुलुंडच्या माझ्या घरात ऐकू आली. त्याच सुरात. पूर्वी ती पाटलाच्या ओट्यावरून यायची. तो ओटा डोळ्यांना दिसत असे. कोण बोलले, कुणाचा मुलगा, उद्या कुठे भेटेल, हे ठाऊक असे. हा माणूस कुठे बसला होता? त्याच्याजवळ आणखी काय काय होते? पत्ता असणारच. कमल आजारी आहे हे होते. मी भाजीला कधी जातो, हेही असेल का?

दाराला साखळी बसवून घेतली. फोनचा क्रमांक बदलला. भाजीला जाताना कमलला सोबत नेऊ लागलो. ती दमते. मधे पायरीवर बसावे लागते. इमारतीत कुणी अनोळखी शिरला की मी खिडकीशी उभा राहतो. वीजमापक वाचायला आलेल्या माणसाला मी आत घेतले नाही. त्याचे ओळखपत्र दाराच्या फटीतून मागून घेतले. तो बिचारा म्हणाला, "काका, मी दर महिन्याला येतो ना." खरे होते. मी त्याला ओळखत होतो. तरी दार उघडले नाही.

कमल मात्र फोनची वाट पाहत होती. "बाबूचं पोरगं परत बोललं न्हाई. तुम्ही वराडलात म्हणून रुसलं आसंल." आदल्या दिवशीचे ती विसरते, पण हे ती विसरली नाही. मी तिला काय सांगणार? जो तुझ्याशी आपल्या माणसासारखा बोलला, तो तुला लुटायला आला होता? एकदा सांगितले. ती रडली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाट पाहू लागली. तेव्हापासून सांगत नाही.

पोलीस ठाण्यात गेलो. हवालदाराने विचारले, "पैसे गेले का?" नाही, म्हणालो. "मग नशीबवान आहात की, आजोबा. घरी जा. ओटीपी कुणाला देऊ नका." त्याने अर्ज ठेवून घेतला. नाव आईचे गेले होते. त्याच्या छापील नमुन्यात त्यासाठी रकाना नव्हता.

मग मी शाखेत गेलो. व्यवस्थापक बाई होत्या. शुद्ध, मृदू मराठी. कानांत मोत्यांच्या कुड्या. मला त्यांनी खोलीत बसवले, पाणी मागवले. सर्व ऐकून घेतले आणि मान हलवली.

"फारच वाईट झालं, काका. पण आमच्याकडून माहिती बाहेर जात नाही."

"हे नाव मी फक्त तुमच्या बँकेला दिलं आहे. आणखी कुठंही नाही."

"म्हणजे तसं आमच्या भागीदार कंपन्यांना जातं. विमा, सेवा पुरवणारे. पण त्याला तुमची संमती आहे. ही बघा, तुमचीच सही."

तोच कागद. तोच लहान चौकोन आणि छापील खूण. आता मी बारीक मजकूर वाचला. वेळ लागला. बाई घड्याळाकडे पाहत राहिल्या.

"ही खूण मी केलेली नाही. ती छापलेली आहे."

"सगळ्यांचीच तशी असते, काका."

"भागीदार कोणकोण आहेत?"

"ते नाही सांगता येणार. ते गोपनीय असतं."

"म्हणजे त्यांचं नाव गोपनीय. माझ्या आईचं नाही."

त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. मग समजुतीच्या स्वरात म्हणाल्या, "आपण असं करू. ते नाव काढूनच टाकू. जरा वेगळंच आहे ना ते. साधं, छान काहीतरी घालू. सुमन, मालती. म्हणजे कुणी हसणारही नाही."

त्या मुलाच्या हसण्याने मी मान खाली घातली होती. या बाईंच्या दयेने ती वर आली. कारण तेव्हा मला नीट दिसले. यांच्या लेखी दोष नावाचा होता. बाहेर पोहोचवणाऱ्याचा नव्हता. हसणाऱ्याचा नव्हता. माझी आई जरा बऱ्या नावाची असती तर हा प्रसंगच आला नसता, असे त्यांना मनापासून वाटत होते. मलाही आयुष्यभर हेच वाटत आले होते. म्हणून तर ते नाव मी लपवले होते. लाज म्हणून लपवले होते, आणि गुपित म्हणून बँकेच्या हवाली केले होते.

"नाव बदलायचं की नाही, ते मी ठरवीन," मी म्हणालो. "तुम्ही हसणाऱ्याला बदला."

"काका, आवाज..."

"आवाज वाढलेला नाही. मला कागद द्या."

त्यांनी कागद दिला. मी तेथेच बसून अर्ज लिहिला. माझी माहिती कुणाकुणाला दिली, कधी दिली, कशासाठी दिली, ते लेखी कळवावे. दिलेली संमती मी आजपासून परत घेत आहे. ज्यांना माहिती दिली, त्यांना ती पुसून टाकायला सांगावे, आणि पुसली असे त्यांच्याकडून लिहून घ्यावे. आईच्या नावापुढे तूर्त काहीही लिहू नये. ओळख पटवायची असेल तर मी स्वतः येईन. माझा चेहरा पाहावा.

"हे इंग्रजीत मेल करता आलं तर बरं होईल," बाई म्हणाल्या.

"अर्ज मराठीत आहे. पोच द्या."

"पोच लगेच नाही देता येत. वर पाठवावं लागतं."

"मी थांबतो."

मी बाहेर येऊन बाकावर बसलो. कमल सोबत होती. तिला घरी एकटी ठेवणे आता शक्य नव्हते. ती मला दर थोड्या वेळाने विचारी, "कुणाकडं आलोय आपण?" मी सांगे, "बँकेत." टायवाला मुलगा आमच्याकडे पाहणे टाळत होता. सुरक्षारक्षक दोनदा येऊन म्हणाला, "काका, लंच टाइम झाला." मी उठलो नाही. मला भीती वाटत होती. हे लोक खाते गोठवतील, ठेव अडकवतील, पोलीस बोलावतील, काहीही करतील, असे वाटत होते. माझे सर्व काही त्यांच्या पडद्यावर होते आणि पडद्याची बाजू त्यांच्याकडे होती. भीत भीत बसून राहिलो. शेवटी शिपायाने शिक्का मारलेली प्रत आणून दिली. बाई खोलीबाहेर आल्या नाहीत.

उत्तर आले नाही. स्मरणपत्र दिले. त्याचीही पोच घेतली. मग बँकेच्या वरच्या कार्यालयाला लिहिले, आणि प्रत बँकांच्या लोकपालाला पाठवली.

त्यानंतर दोघे जण घरी आले. दारावरची घंटा वाजली तेव्हा मी साखळी न काढता विचारले, कोण? बँकेतून आलोय, म्हणाले. एक तोच टायवाला मुलगा. दुसरा मोठा अधिकारी. त्याच्या हातात सुक्या मेव्याची पेटी होती. कमलने मागून पाहिले. पाहुणे आले की तिला सगळे आठवते. "आत घ्या की त्यास्नी. दारात हुबं करत्यात व्हय?" तिने साखळी काढली आणि चहाचे आधण ठेवले.

अधिकारी खुर्चीच्या टोकावर बसला. मुलगा आईच्या तसबिरीकडे पाहत होता. खालचे नाव वाचून तो गोंधळला.

"सर, त्या दिवशी याच्याकडून चूक झाली. हा सॉरी म्हणायला आलाय. बोल रे."

"सॉरी, सर," मुलगा म्हणाला.

"आता विषय मिटवू या. ही छोटीशी भेट. आणि इथे एक सही."

कागद मराठीत होता. एवढे त्यांनी केले होते. मी चष्मा लावला आणि पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला. त्यात लिहिले होते की माझी कोणतीही माहिती बँकेकडून बाहेर गेलेली नाही, याची मला खात्री पटली आहे. माझे पूर्ण समाधान झाले आहे. तक्रार मी स्वखुशीने मागे घेत आहे.

"माझी खात्री पटलेली नाही," मी म्हणालो.

"सर, फॉर्मॅलिटी आहे हो. तुमचं वय बघा. कशाला ही धावपळ? इथे मॅडम एकट्या असतात दिवसभर. त्यांना त्रास."

स्वयंपाकघरात कमल कप विसळत होती. पाण्याचा आवाज येत होता. त्याने ते कळकळीने म्हटले असेल. धमकी म्हणूनही म्हटले असेल. मला ठरवता आले नाही. आजही ठरवता येत नाही.

"ती एकटी असते, हे तुम्हांला कुणी सांगितलं?"

अधिकाऱ्याने मुलाकडे पाहिले. मुलगा जमिनीकडे पाहू लागला.

"असंच म्हटलं, सर."

"असंच नाही. ती एकटी असायची, ते पूर्वी. मी अर्जात हे लिहिलेलं नाही. शाखेत ती माझ्याबरोबर होती. कुणी सांगितलं?"

कमल चहा घेऊन आली. बशीत बिस्किटे होती. पाहुण्याला तिने कधी नुसता चहा दिलेला नाही.

"चहा घ्या," मी म्हणालो. "पेटी परत न्या. सही होणार नाही."

त्यांनी चहा घेतला. कागद घडी घालून नेला. जाताना अधिकारी म्हणाला, "विचार करा, सर." मी साखळी लावली.

विचार केला आहे. भीती गेलेली नाही. ती जाईल, असेही मला वाटत नाही. फोन वाजला की मी आधी दाराची साखळी पाहतो. पण भ्यालेल्या माणसाकडून सही मिळते, हा त्यांचा अनुभव असेल, तर तो माझ्यापुरता संपला. "माझी पत्नी घरी एकटी असे, ही माहिती तुमच्याकडे कोठून आली?" हा प्रश्न मी नव्या अर्जात पहिला लिहिला आहे. त्याखाली आईचे नाव पूर्ण लिहिले आहे, उकिरडी, आणि ते कुणाकुणाला दिले, हे पुन्हा विचारले आहे. उद्या शाखा उघडताना मी कमलला घेऊन तेथे जाणार आहे. पोच घेणार आहे. उत्तर तोंडी दिले तर ऐकणार नाही. लेखी देईपर्यंत त्या बाकावरून उठणार नाही.